पूजेला बसलेला लॅपटॉप

बेळगावात इंटरनेट आणलं ते वडगावच्या परशराम अण्णांनी. म्हणजे असं ते स्वतःच सांगतात. (खरं तर पहिला सायबर कॅफे निघाला तेव्हा अण्णा तिथं पंख्याचा वारा खायला बसत आणि मालकानं उठवलं की उठत.) तेव्हा म्हणे टेलिफोन आधी मांजरागत ओरडायचा, मग पडद्यावर फोटो वीतवीत उतरायचा, मागावरच्या साडीसारखा. काठ दिसेपर्यंत चहा व्हायचा, पदर दिसेपर्यंत जेवण.

आता त्यांच्याच घरात सून माधवी वेबसाइट बनवते. खंडेनवमीला सकाळी शहापूरच्या मल्लाप्पांच्या साडीदुकानाची साइट उघडायची होती. तिचं पहिलंच मोठं काम. यात चूक झाली तर पुढची कामं पुण्याच्या कंपनीला, असं मल्लाप्पांनी बजावलं होतं.

माधवी न्हाणीत गेली आणि अण्णांना वाटलं, घरच्या मागाची पूजा होते, मग सुनेच्या हत्यारानं काय घोडं मारलंय? त्यांनी लॅपटॉप उचलला, शेजारची नेटची लुकलुकती डबी वायरीसकट उपटली आणि दोन्ही वस्तू मागापुढं मांडल्या. झेंडूची माळ घातली. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

माधवी केस पुसत आली.

"अण्णा, माझा लॅपटॉप?"

"पूजेला बसलाय. उद्यापत्तोर हलवायचा न्हाय."

"अवो, आत्ता साइट उघडायची हाय!"

"आज हत्याराला सुट्टी गं. माग बंद, तुझं बी बंद."

माधवीनं आशेनं सासूकडं पाहिलं. रुक्माबाईंनी मान हलवली. "पुजलेलं हत्यार ह्या घरात कुणी हलवलं न्हाय, बाई."

तेवढ्यात मल्लाप्पांचा फोन. "अय्यो माधवीअक्का, नारळ हातात धरून उभा हाय मी. फोडू का नको?"

अण्णांचा चेहरा उतरला. पूजेची हौस होती, पण पोरीचं काम बुडवायची नव्हती. "मी जाऊन त्यांच्या हातातला नारळ घिऊन येतो," ते पुटपुटले.

माधवीनं मात्र मोबाईल उघडला. (तो पुजायचा राहिला होता.) तिचे अंगठे मागावरच्या धोट्यागत इकडून तिकडं पळू लागले.

"अगं, डबी बंद हाय की!"

"मोबाईलचं नेट हाय न्हवं? आणि साइट आपल्या घरात न्हाय, अण्णा. लांबच्या मशीनवर हाय. मी हितनं नुसतं सांगायचं." मग फोनवर, "फोडा नारळ!"

पडद्यावर साडी उलगडली. माधवीनं दोन बोटं ताणली तसा धागान् धागा दिसला. अण्णांनी नकळत साडीवरून बोट फिरवलं. जुन्या फोनवर उघडतंय का, चोराला दार लागलंय का, सगळं तिनं तपासलं. मग मोबाईलच बोलू लागला, "मोरपंखी साडी, जांभळे काठ..."

"हे कुणासाठी?"

"डोळ्यानं दिसत न्हाय त्यांच्यासाठी. त्यांनी साडी घ्यायची न्हाय व्हय?"

साइट कुठं कुठं उघडली ते दाखवणाऱ्या नकाशावर ठिपके पेटले. संकेश्वर, लोंढा, आणि एक तर समुद्रापलीकडं! अण्णा पडद्यावर वाकले. जन्मभर साड्या विणल्या, पण एक साडी एकाच वेळी एवढ्या घरात उलगडलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

ते दारात धावले, शेजाऱ्याला हाका मारू लागले आणि त्यांचं तोंड थांबेना. "ओ रवळू! हिकडं ये! आमची सून रंग बी जुळवती, चोर बी अडवती, आंधळ्याला साडी दावती, ते बी अंगठ्यानं..." गल्लीभर आवाज. तिकडं मल्लाप्पा फोनवर पुढचं काम सांगत होते आणि माधवीला एक अक्षर ऐकू येईना.

रुक्माबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या.

"अवो, तुमचं हत्यार पुजायचं राहिलं की. तोंड हिकडं करा, कुंकू लावते. मग उद्यापत्तोर हलवायचं न्हाय!"