व्यंकण्णांचा खड्डा

व्यंकण्णा गड्डम माणसाला नमस्कार करण्याआधी त्याचं कापड चाचपतात. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये तुमच्या शर्टाची बाही किंवा खांद्यावरचा टॉवेल, आणि नजर भलतीकडेच. मग निकाल. बहुतेक वेळा, "वीण सैल हाय." फार क्वचित, "हां, हाय की जीव." आमच्या धाकटीला बघायला पाहुणे आले तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांनाही बोलावलं होतं. पोहे बाहेर येण्याआधीच त्यांनी नवऱ्या मुलाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "पोरगा चांगला हाय ओ ताई, पण शर्टात फसवलंय त्याला कुणीतरी." मुलाची आई लालबुंद झाली, कारण शर्ट तिनेच पसंत केला होता. लग्न जमलं. पण आजही जावईबापू आमच्याकडे यायच्या आधी फोन करून शेजारचे काका घरी आहेत का ते विचारून घेतात.

जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि ऑफिसात टेबलाला टेबल. मी व्यंकण्णांना ह्यांच्यापेक्षा जास्त पाहिलंय, असं आमचे हेच म्हणतात, आणि त्यात तक्रार अशी काही दिसत नाही. ऑफिस कसलं ते विचारू नका. आलेला कागद वाचल्यासारखं करायचं, शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा, एवढं सांगितलं तरी पुरे. व्यंकण्णांचे हात हे काम करायचे. टेबलाखाली पायांचं मात्र वेगळंच ऑफिस चालू असायचं. डावा खाली, उजवा वर, उजवा खाली, डावा वर, दिवसभर. त्या हादऱ्यानं माझा चहा बशीत यायचा. एक नवे साहेब आले होते, त्यांचा भलताच समज झाला. दर थोड्या वेळानं ते कळवळून म्हणायचे, "गड्डम, जाऊन या तुम्ही, संकोच करू नका."

गेल्या उन्हाळ्यात व्यंकण्णांनी एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली. साहेबांनी विचारलं, आजार काय? नाही. मुलीचं लग्न? झालं. परदेशी मुलाकडे जायचंय? मुलगाच नाही. मग कारण काय, तर व्यंकण्णा म्हणाले, "पाय आखडलेत साहेब. जरा सोडतो." साहेब हवालदिल झाले. आमच्याकडे आजारपणाला रजा आहे, बाळंतपणाला आहे, सुतकाला आहे. ज्यात दुःखच नाही अशी रजा कोणत्या नियमात बसवायची, हे वरपर्यंत कुणाला कळेना. शेवटी वैतागून मंजूर केली.

धडधाकट पुरुष सकाळी अकरा वाजता घरात दिसला की आमच्या सोसायटीला काळजी वाटते. पहिल्या आठवड्यात गड्डमांकडे शहाळ्यांची रांग लागली. कुणी मोसंबी आणली, कुणी अंगारा. त्यांच्या बायको, भारतीवहिनी, शाळेत शिकवतात. शहाळी घेऊन घेऊन त्या दमल्या. "यांना काही झालेलं नाही हो," असं त्या सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा आणखीच गंभीर व्हायचा. व्यंकण्णा शांतपणे शहाळं प्यायचे आणि आणणाऱ्याची पिशवी चाचपून बघायचे.

मग एके दिवशी ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुदळ घेऊन उतरले.

सोलापुरात चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं. अशा गावात माणूस जमीन खोदायला लागला तर लोक काय समजणार? हा जमिनीखाली हौद बांधतोय आणि मोटर लावून आपल्या सगळ्यांचं पाणी ओढणार. काल शहाळी आणणारे लोक आज माझ्या गच्चीवरून आत डोकावायला लागले. मीही चहा देत होते, खोटं कशाला बोलू, मलाही बघायचंच होतं. आमचे सेक्रेटरी मुल्लाचाचा. रेल्वेत गार्ड होते, होटगीला घर होतं. अजूनही कुठलाही प्रश्न ते गाडी थांबवल्यासारखा हात आडवा करून विचारतात. ते शेडच्या दारात उभे राहिले. "व्यंकण्णा, कायकू खोदते जी?"

व्यंकण्णा कमरेइतक्या खड्ड्यातून म्हणाले, "पाय सोडायला जागा करतोय चाचा."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून लाकडं आली. त्यांच्या मामांच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली. ती जोडली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. हौद नव्हता, खड्डामाग होता. विणणारा जमिनीच्या पातळीला फळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, तिथल्या फळ्या आळीपाळीनं दाबायच्या आणि वर हातानं दोरी ओढून धोटा पळवायचा. व्यंकण्णांनी पाय खाली सोडले. डावा खाली, उजवा वर. इतकी वर्षं माझा चहा कशानं सांडत होता ते मला त्या क्षणी कळलं.

लहानपणी ते नायनांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागाशेजारी बसून कांड्या भरून द्यायचे. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची बारकी नळी. कांड्या भरता भरता डोळे वडिलांच्या पायांवर. पण नायनांनी त्यांना कधी मागावर बसू दिलं नाही. शिकवलं, ऑफिसात लावलं आणि बजावलं की खड्ड्यातून वर काढलाय, परत खड्ड्याकडे बघायचं नाही. नायना आता विणकरांच्या पूर्व भागात थोरल्या मुलाकडे असतात. यंत्रमागाच्या कारखान्यात उरलेली उमेद गेली आणि कानही गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला अजून अभिमानानं सांगतात, धाकटा खुर्चीवर बसतो.

म्हणजे एक वर्ष नायनांना काही कळू द्यायचं नव्हतं. दर रविवारी व्यंकण्णा इस्त्रीची पँट, खिशाला पेन लावून वडिलांना भेटायला जायचे. रविवारी ऑफिसचे कपडे का, हा प्रश्न नायनांना पडला नाही. त्यांच्या मते मोठ्या पदावरचा माणूस असाच असतो. ऐकू येत नाही म्हणून ते बोलताना मुलाचा हात हातात धरून ठेवायचे. ऑफिस कसंय? बरंय. साहेब चांगला हाय? हाय. व्यंकण्णा परत येताना घामाघूम झालेले असायचे, आणि तो सगळा उन्हाचा नसायचा.

इकडे शेडमध्ये सकाळी खट-खटाक सुरू व्हायचं आणि दुपारी थांबायचं. दुपारी काय चालतं म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी वाटीत शेंगाचटणी घेऊन डोकावले. व्यंकण्णा विणलेलं उसवत होते. काठ सरळ येत नाही म्हणून सकाळचं सगळं दुपारी उसवायचं, हा रोजचाच नेम निघाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस गेले, तरी चादर हातभराच्या पुढे सरकली नव्हती. मला राग आला. म्हटलं, ऑफिसात निदान शिक्का मारलेला कागद पुढे तरी जायचा. एक चादर हवी असेल तर दुकानात चला, सोलापुरात चादरींना काय तोटा?

ते सूत सोडवत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, नायनांनी जल्मभर चादरी विणल्या. सगळ्या पेढीवर गेल्या. घरात आमी वाकळ पांघरली. त्यांच्या अंगावर मागावरची चादर कदी पडलीच न्हाई. एक पडू दे की. पण वाकडी कशी देऊ त्यांना?"

मी वाटी तिथेच ठेवून घरी आले. त्या दिवसापासून सुट्टीच्या दुपारी भिंतीपलीकडे शांतता झाली की माझ्याच जिवाला घोर लागायचा. रजा संपत आली. ऑफिसातून कधी हजर होताय म्हणून विचारणा झाली. चादर हातभर.

आणि एका सकाळी गड्डमांच्या दारात रिक्षा थांबली. आतून आधी एक चरखा उतरला, कांड्या भरायचा, जुना, आणि मग नायना. मुल्लाचाचांनी सवयीनं हात आडवा केला, पण नायना थांबले नाहीत. चरखा काखेत घेऊन ते थेट घराला वळसा घालून शेडमध्ये गेले. मी भिंतीपाशी होतेच. व्यंकण्णा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. त्यांना उठताही येईना आणि बसवेनाही.

नायनांनी वाकून मुलाचा उजवा हात धरला आणि अंगठ्याखाली बोट दाबलं. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं म्हणाले, "हा घट्टा दोरीचा हाय. पेन धरून असला पडत न्हाई. कवापासून बघतोय, म्हटलं सांगशील." मग मागावरची चादर चाचपली. अंगठा आणि पहिलं बोट, नजर भलतीकडे. कुणासाठी, असं विचारलं. मागोमाग आलेल्या भारतीवहिनींनी नायनांच्या कानाशी जाऊन घरच्या तेलुगूत सांगितलं.

व्यंकण्णांनी काय करावं? सवयीनं काठाचं सूत धरलं आणि उसवायला लागले. नायनांनी तो हात दाबून धरला.

"उसवू नको."

"वाकडं झालंय, नायना."

"झालंय की. मलाच हाय न्हवं? मग राहू दे." मग जरा थांबून म्हणाले, "मी तुला खड्ड्यातनं काढलं ते पाय मोकळे ऱ्हावेत म्हणून. टेबलाखाली मोकळे न्हवते व्हय?"

व्यंकण्णांनी लहान मुलासारखी नाही म्हणून मान हलवली. नायनांनी खाली वाकून खड्ड्यात पाहिलं आणि खड्डा उथळ झालाय, गुडघे धरतील, असा शेरा मारला. ते ऐकून मुल्लाचाचा फावडं आणायला पळाले. सोसायटीच्या सेक्रेटरीनं स्वतः खोदकाम केल्याचं आमच्याकडे दुसरं उदाहरण नाही. खड्डा खोल झाला, नायना शेजारी मांडी घालून बसले आणि चरख्यावर कांड्या भरायला लागले. एकेक भरून मुलाच्या हातात द्यायचे. ते रोज येत राहिले, आणि त्यानंतर दुपारी आवाज थांबला नाही.

चादर पुरी झाली ती ऐन मे महिन्यात. तांबडी, काठाला पांढरे पट्टे, आणि डावा काठ होटगीच्या वाटेसारखा वळणावळणाचा. रजा संपल्यावर व्यंकण्णा ऑफिसात आले, साहेबांच्या खिडकीचा नवा पडदा चाचपला, "सैल हाय" म्हणाले आणि राजीनामा ठेवून गेले. भारतीवहिनींनी आधीच सांगून टाकलं होतं की माझी शाळा आहे, तुम्ही विणा. माझा चहा आता बशीत येत नाही. शेजारचं टेबल गप्प असतं आणि मला अजिबात करमत नाही.

परवा पेढे द्यायला त्यांच्याकडे गेले, धाकटीला मुलगा झाला त्याचे. आत व्यंकण्णांचा माग चालू होता. सोलापूरचं मेमधलं ऊन, पत्रा तापलेला, वीज गेलेली, माणसं अंगावर साधा पंचा सहन करत नव्हती. आणि नायना दारात खुर्चीवर बसलेले, ती चादर खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळून. कपाळावरून घामाच्या धारा. कांड्या भरायला दोन हात तेवढे बाहेर.

मी घाबरले. जवळ जाऊन त्यांच्या कानात मोठ्यानं विचारलं, "नायना, उकडत नाही का हो?"

"लई उकडतंय की," ते म्हणाले, आणि खाली घसरलेला वाकडा काठ पुन्हा खांद्यावर ओढून घेतला.