आपली नागपुरातली खोली

प्रमोदिनीबाईंनी दार वाजवलं, तेव्हा जयवंताकाकू काजलच्या एकुलत्या एका पलंगावर पाय पसरून आंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. खोलीत काजलशिवाय दुसरं कुणी राहायचं नाही, या एकाच अटीवर ती खोली मिळाली होती. आणि जयवंताकाकू काही पलंगाखाली मावतील अशा नव्हत्या.

दार उघडावंच लागलं.

"ह्या कोण?" घरमालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

काजलला खोटं बोलायची सवय नव्हती. तिची नजर भाजीच्या जुडीवर पडली आणि तोंडातून निघून गेलं, "ह्या डबेवाल्या काकू आहेत. माझा डबा यांच्याकडंच लावला मी."

"पलंगावर बसून डबा देतात?"

"जिना चढून दम लागला त्यांले."

एरवी जयवंताकाकूंनी या वाक्याला लगेच आपली दोन वाक्यं जोडली असती आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण सकाळीच सरकारी दवाखान्यात त्यांची दाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी फक्त मान हलवली. प्रमोदिनीबाईंना ती मान फार नम्र वाटली.

"मंग उद्यापासून मलेही एक डबा द्या," त्या म्हणाल्या. "पोस्टातून रिटायर झाल्यापासून एकटीसाठी रांधायचा कंटाळाच येऊन राहिला." आणि त्या जिना उतरून गेल्या.

काजलने दार लावलं. जयवंताकाकूंनी बोळा काढला.

"काहून वं, मी डबेवाली कधी झाली?"

"आत्ताच झाल्या, काकू."

खोली मिळवताना काय हाल झाले होते, ते आठवलं की काजलला अजूनही घाम फुटे. तिला बीएस्सीला नागपुरात प्रवेश मिळाला, वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव लागलं नाही. मग वडील देवराव आणि ती, दोघं काटोलच्या पुढच्या आपल्या खेड्यातून रोज पहिल्या एसटीने येत आणि खोल्या पाहत. महाल भागातल्या एका खोलीत शिरायचा रस्ता दुसऱ्याच्या न्हाणीघरातून होता. धरमपेठेतल्या एका गृहस्थांनी भाडं सांगितलं, तेव्हा देवरावांनी अगदी भोळेपणाने विचारलं, "हे सालाचं ना?" त्यानंतर त्या घरात त्यांना पाणीसुद्धा विचारलं गेलं नाही.

शेवटी प्रमोदिनीबाईंची गच्चीवरची खोली सापडली. स्वच्छ, शांत, खिडकीत कूलर आणि भाडं जेमतेम झेपणारं. अडचण होती ती अनामत रकमेची. ती एकरकमी हवी होती आणि संत्र्याचा तोडा अजून लांब होता. तेव्हा भाऊबंद धावून आले. जयवंताकाकूंनी दिले, प्रयागबाईंनी दिले, आणखी दोन-तीन घरांनी थोडे थोडे दिले. देवराव परतफेडीचं बोलू लागले, तर सगळे रागावले. "आपल्या पोरीच्या शिक्षणाले दिलेले पैसे कोणी वापस घेते का गा?"

देवरावांना भरून आलं. त्या भरात ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मंग ते खोली माही एकट्याची नाही. आपल्या साऱ्याईचीच समजा!"

असं बोलायची रीतच आहे. बोलणारा प्रेमाने बोलतो, ऐकणारे प्रेमाने ऐकतात. फक्त कधी कधी ऐकणाऱ्यांचे दात दुखतात. त्यांनी पैसे परत मागितले असते तर फार बरं झालं असतं, असं काजलला पुढे अनेकदा वाटलं.

मुलीला मात्र देवरावांनी वेगळं बजावलं होतं. "पास होत राहिली तं नागपूर. एक विषय जरी राहिला, तं गावाजवळच्या कॉलेजात नाव टाकतो. आपल्याले दुसरा खर्च झेपणार नाही, माय." काजलला भौतिकशास्त्र शिकायचं होतं आणि गावाजवळच्या कॉलेजात तो विषयच नव्हता. म्हणून ती खोली आणि ती शांतता तिला जिवापाड हवी होती.

जयवंताकाकू दाढेसाठी एका दिवसाच्या बोलीवर आल्या होत्या. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि आणखी तीन दाढा खराब निघाल्या. एक काढायची, आठवडाभर थांबायचं, मग दुसरी. "जाणं-येणं परवडत नाही वं," काकू म्हणाल्या. "मी राहते ना इथंच. तुलेही सोबत होते." काजलने आईला फोन लावला. पंचफुलाबाई पलीकडून कुजबुजल्या, "त्याईनं पैसे देल्ले, बाई. नाही कसं म्हणू?"

आता डबेवाली म्हटल्यावर डबा देणं भागच होतं. जयवंताकाकूंनी पहिल्या दिवशी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला. प्रमोदिनीबाईंनी डबा परत दिला तो पुसून घेतल्यासारखा.

"बाप्पा! काय हात आहे तुमचा!" त्या जिन्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "असा रस्सा माझ्या आईनंतर आजच खाल्ला."

जयवंताकाकूंचं लग्न होऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांच्या स्वयंपाकात मीठ कमी पडल्याचं सगळ्यांनी सांगितलं होतं. मीठ बरोबर पडल्याचं सांगणारं हे पहिलंच माणूस. त्या रात्री त्या बराच वेळ जाग्या होत्या. त्या झोपल्यावरही खाली सतरंजीवर काजल जागीच होती, काकूंच्या घोरण्यामुळे, जे अधूनमधून थांबे आणि त्यात "उद्या कढी-गोळे" असे शब्द येत.

पुढच्याच आठवड्यात प्रयागबाई आल्या. त्या नात्याने काजलच्या चुलत आजी. मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी. "डॉक्टरनं धुळीत जाऊ नको म्हटलं," त्यांनी पिशवी ठेवत सांगितलं. "गावात तं सारी धूळच हाय." प्रमोदिनीबाईंनी त्यांना गच्चीवर उन्हात बसलेलं पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"ह्या डबेवाल्या काकूंच्या सासूबाई," काजल घाईने म्हणाली. "मसाला ह्याच कुटतात."

"अरे वा. मंग मलेही करून द्या पावशेर."

संध्याकाळी प्रयागबाई एका डोळ्याने खलबत्त्यात पाहत लवंग-दालचिनी कुटत होत्या आणि काजलला शिव्या देत होत्या. "डोया दाखवाले आली मी, आन् हे पोट्टी मले कामाले लावून राहिली!" पण दुसऱ्या दिवशी मसाल्याचं कौतुक झालं, तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, "आखीन लागते का त्या बाईले?"

मग प्रमोदिनीबाईंनी शेजारच्या इमारतीतल्या मुलींना सांगितलं. त्याही भाड्याने राहणाऱ्या आणि मेसच्या पाणचट वरणाला विटलेल्या. आधी दोघी आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. गावाहून अंकुश, म्हणजे काकूंचा मुलगा, मोटारसायकलवर वांगी, तुरीच्या शेंगा आणि तिखटाची पिशवी आणून टाकू लागला. काजलच्या टेबलावर परात आली. टेबलावरची पुस्तकं खिडकीतल्या बंद कूलरवर गेली. तिथे फोडणीचा धूर जाई, त्यामुळे तिच्या प्रकाशशास्त्राच्या पुस्तकाला हिंगाचा वास लागला आणि वर्गात शेजारची मुलगी दर तासाला म्हणू लागली, "यार, भूक लागली."

"काकू, मले अभ्यास करायचा आहे," एकदा धीर करून काजल म्हणाली.

"कर ना, माय! कोण नाही म्हणते?" काकूंनी चपातीवर तूप लावत उत्तर दिलं. "तू वाचत जा, मी आवाज नाही करत." मग जिन्याकडे तोंड करून त्या ओरडल्या, "ओ पोरींनो, चपला तिकडं काढा! आमची पोरगी अभ्यास करून राहिली!"

काजल अभ्यासाला बाहेर जाऊ लागली. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर बाकं चांगली होती. ती सगळ्यांत स्वस्त तिकीट काढी आणि फलाटावर वही उघडून बसे. गाड्या येत आणि जात. एके दिवशी तिथला रखवालदार जवळ आला.

"ताई, चार गाड्या गेल्या. तुम्हाले जायचं कुठं आहे?"

प्रश्न साधाच होता. काजलने वही मिटून पिशवीत टाकली.

चाचणी परीक्षेत ती भौतिकशास्त्रातच नापास झाली. खरी परीक्षा महिन्यावर होती. त्यातच देवरावांचा फोन आला. संत्र्याचा व्यापारी पैसे थोडे उशिरा देणार होता, या महिन्याचं भाडं अडलं होतं. पण जयवंताकाकूंनी पदरातली डब्यांच्या पैशांची गाठ सोडली आणि खाली जाऊन भाडं देऊन आल्या. वर आल्यावर त्या पलंगावर बसून हसत राहिल्या.

"काय झालं, काकू?"

"काही नाही वं. लगन झाल्यापासून पह्यल्यांदा माह्या पैशाचं काही देल्लं मी. कोणाले न विचारता."

काजलने त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. आणि त्याच वेळी तिला कळलं, की आता या बाईला गावी जा असं आपल्याला कधीच म्हणता येणार नाही.

दोन दिवसांनी प्रमोदिनीबाईंनी तिला खाली बोलावलं. त्या जेवत होत्या. ताटात वांग्याचं भरीत होतं.

"बस. हे डबेवाली तुझी कोण?"

काजलने मान खाली घातली. "काकू. चुलत. चुकलं माझं."

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. डबेवाली कधी दुसऱ्याच्या पलंगावर भाजी निवडत बसते का? पण दुसऱ्या दिवशी तो रस्सा आला." प्रमोदिनीबाईंनी घास घेतला. "अन् मी गप्प राहिली. माझंही चुकलंच म्हण."

"मग आता?"

"आता खालचे भाडेकरू बोलून राहिले. एका खोलीत इतके लोक, पाणी पुरत नाही. सासूबाई परवा जातात म्हणे, त्यांचा डोळा उघडला. राहिल्या तुम्ही दोघी. खोलीत एकीनंच राहायचं, कोणी ते तू सांग. पहिली तू आली, तं पहिला शब्द तुझा." हे बोलताना त्यांनी काजलकडे एकदाही पाहिलं नाही. ताटातल्या भरताकडेच पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी काही म्हणणार नाही. तू म्हणशील तसं."

काजल जिना चढून वर आली. शब्द तिने पायरीपायरीवर जुळवले होते. काकू, परीक्षा आहे, तुमच्या दाढाही झाल्या. एवढंच म्हणायचं होतं. दारात पोहोचली, तेव्हा काकू ओल्या हाताने तिचीच वाट पाहत होत्या.

"काजल, मोठा कुकर पाहून ठेवला मी बर्डीवर. घेऊ का वं? तू शिकलेली हायेस, तू सांग."

काजलने कूलरवरची आपली पुस्तकं उचलली.

"घ्या काकू," ती म्हणाली. "शिट्टी चांगली पाहून घ्या."

हिंगण्याच्या रस्त्यावर एका बाईंच्या घरी चौघींच्या खोलीत एक खाट रिकामी होती, ती काजलने घेतली. भाडं कमी होतं, कारण कॉलेज फार लांब होतं. बाकीच्या तिघी कारखान्यात पाळीला जात आणि येऊन मेल्यासारख्या झोपत. तिथे इतकी शांतता होती, की काजलला पहिले दोन दिवस फोडणीच्या आवाजाशिवाय चुकल्यासारखं झालं. मग ती अभ्यासाला लागली. जयवंताकाकू रोज अंकुशच्या हाती डबा पाठवीन म्हणाल्या, आणि चार दिवस पाठवलाही. पुढे गिऱ्हाइकं वाढली.

निकाल लागला. काजल सगळ्या विषयांत पास झाली. भौतिकशास्त्रात अगदी काठावर, पण पास. तिने हलक्या आवाजात, कुणाची झोप न मोडता, घरी फोन केला.

"बाबा, एकही विषय राहिला नाही. मी नागपुरातच राहते आता."

पलीकडून देवरावांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "वाघीण हायेस," ते म्हणाले. "लय काळजी होती माय मले. ते पह्यली खोली सुटली, तवा जीव हळहळला माहा. तुही हक्काची जागा गेली, असं वाटे."

"जाऊ द्या, बाबा."

"नाही, पण म्या शांत बसून इचार केला." देवरावांचा आवाज एकदम उजळला. पाठीमागे पारावरची माणसं बोलत असावीत, कारण ते आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. "जयवंता तिकडं, अन् तू इकडं. म्हंजे आता नागपुरात आपल्या दोन खोल्या झाल्या!"

काजलने फोन कानाशी तसाच धरला आणि झोपलेल्या तिघींकडे एकेक करून पाहिलं. पारावरून कुणीतरी विचारत होतं, हिंगण्याच्या बाजूला हाडाचा डॉक्टर कोणता चांगला आहे.