हवेची खातरजमा

स्वतःचा ट्रक दुसऱ्याच्या हातून दुरुस्त करून घेणे हा नैतिक अधःपात आहे, याबद्दल नेब्रास्काच्या पश्चिम भागात दुमत नाही. तिथले शंभरातले सत्त्याण्णव पुरुष आपला ट्रक घरापुढेच खोलतात. (उरलेल्या तिघांपैकी दोघे दाताचे डॉक्टर आहेत, तिसऱ्याला कोणी जेवायला बोलावत नाही.)

त्यामुळे वर्लिन कुलमनच्या ट्रकचे क्लचचे पेडल सोमवारी तळाला गेले आणि तिथेच राहिले, तेव्हा त्याच्या बायकोने, आर्डिथने, गॅरेजचे नावही काढले नाही. तिने फक्त शुक्रवारची आठवण करून दिली. शुक्रवारी सकाळी शहरात तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. जानेवारीपासून वाट पाहून मिळालेली तारीख होती आणि घरात दुसरी गाडी नव्हती.

"शुक्रवार?" वर्लिन म्हणाला. "अगं, बुधवारीच फिरायला नेतो तुला."

क्लचचा नवा संच बुधवारी आला. वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, मधला पाइप, सगळे जोडलेले, आत तेल भरलेले, हवा काढलेली. नुसता बसवायचा. खोक्यावर तांबड्या अक्षरांत सूचना होती की कोणताही सांधा उघडू नये. अशी सूचना अर्थातच ज्यांना सांधे उघडता येत नाहीत त्यांच्यासाठी असते. वर्लिनने सांधा उघडला. आत हवा नाही याची खातरजमा करणे, हा त्यामागील हेतू होता. खातरजमा झाली. आत हवा नव्हती. आता होती.

आत हवा असली की पेडल वर येत नाही, आणि ती बाहेर काढण्यास दोन व्यक्ती लागतात. एक तज्ज्ञ, तो ट्रकखाली झोपतो. दुसरी बायको. तिने पेडल दाबून धरायचे, त्याने खालचा स्क्रू सोडून हवा घालवायची आणि पुन्हा आवळायचा, मगच तिने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर गेलेली हवा परत येते. याशिवाय ओरिन आणि डेल्मार हे शेजारी घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन येतात, त्यांना कोणी बोलावत नाही. या मंडळाच्या शिफारशी नेहमी एकमताने होतात आणि नेहमी दोन असतात.

"दाब!" ट्रकखालून आवाज आला.

"दाबलं."

"धर!"

"धरलंय रे."

"आता सोड की!" हे ओरिन, खुर्चीतून.

तिने सोडले.

"कोणी सांगितलं गं तुला सोडायला?"

"कोणीतरी सांगितलं! मला दिसतंय का कोण ते?"

"नवऱ्याचा आवाज कळेना होय तुला, एवढ्या वर्षांनी?"

"कळतो ना. मोठा असतो तो तुझा."

गुरुवारही असाच गेला. आर्डिथच्या पोटरीत गोळे आले होते, पण तिला त्याचे काही नव्हते. तिला भीती वाटत होती. ऑपरेशनची नव्हे, ते हुकण्याची. समोरच्या काचेतून तिला ओरिन आणि डेल्मार म्हणजे दोन करडे डाग दिसत होते, आणि तारीख गेली तर पुढच्या वर्षापर्यंत सगळी माणसे डागच राहणार होती.

शुक्रवारी सकाळी तिला डेल्मारच्या बायकोने, जोलीनने, आपल्या मोटारीतून नेले. (त्या मोटारीला क्लचचे पेडलच नाही. चारचौघांत हा विषय काढत नाहीत.) वर्लिनला जाता आले नाही. स्क्रू अर्धा उघडा होता. तो तसाच टाकून जाणे बेजबाबदारपणाचे ठरले असते.

दुपारी ती डोळ्यावर पट्टी बांधून उतरली. मंडळ आदराने उभे राहिले.

"आलीस? बरं झालं," ट्रकखालून वर्लिन म्हणाला. "चढ वर. थोडीशीच हवा राहिलीय."

आर्डिथने ट्रकच्या दारावर हात ठेवला. तिला रडू येत होते आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. मग ती चढली आणि तिने पेडल दाबले.

पेडल वर आले की नाही, हे ऐकायला तुम्ही आता पुढे सरकून बसला असाल. ट्रकखालचा एकजण आणि खुर्च्यांवरचे दोघेही तसेच कान लावून होते. तिच्या डोळ्याचे काय झाले, हे त्या तिघांनी विचारले नाही. तुम्ही तरी विचाराल, असे वाटले होते.