टायमिंगचा पट्टा

आमच्या शेजारच्या जाधव सरांना चहा घेता का, असं साधं विचारायची सोय नाही. "पर्याय सांगा," म्हणतात. मग मी म्हणते, "अ, साखरेचा. ब, बिनसाखरेचा." सर डोळे मिटून विचार करतात आणि 'ब' म्हणतात. रोज 'ब'च.

लातुरात सरांचे फिजिक्सचे क्लासेस आहेत. आमच्या गल्लीत आता राहती घरं कमी आणि क्लासेस जास्त. कोणते सर चांगले हे पालकांना कळत नाही, म्हणून ते गाडी बघतात. ज्याची गाडी मोठी, त्याचं फिजिक्स चांगलं. सरांची गाडी जुनी होती, पण मागच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'यशाकडे सुसाट'.

ही सुसाट गाडी ऐन ॲडमिशनच्या दिवसांत मुरुडजवळ बंद पडली आणि ट्रॅक्टरच्या मागं दोरीनं बांधून गल्लीत आली. सर आत स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, जणू ट्रॅक्टरही तेच चालवत होते.

रशीद मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "सर, टायमिंगचा पट्टा तुटला."

सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "न्हाई हो, चांगला हाय की!"

"घड्याळाचा न्हाई, इंजिनचा. त्यानं वॉल्व्ह वाकले. सगळं खोलावं लागतंय. गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त हाय बघा."

सरांनी फळ्यावर पर्याय लिहिले. अ, दुरुस्ती. ब, भंगार. क, ही देऊन नवी. ड, यापैकी नाही. सगळ्या गल्लीनं 'क' सांगितलं. समोरच्या क्लासचे सरही आवर्जून आले. म्हणाले, "सर, नवी घ्याच. न्हाईतर ट्रॅक्टर तरी ठेवा, लई शोभत होता."

शोरूमचा माणूस पेढे आणि कागद घेऊन आला. सरांनी सही करायला पेन उघडलं. जाधववहिनी दारात उभ्या राहून गाडीकडं बघत होत्या. सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"ड," म्हणाले.

मग मिस्त्रींना सांगितलं, "इंजिनाला हात लावू नका. मागची सीट आडवी होईल असं करा, अन् चारी काचा खाली झाल्या पाहिजेत."

"अहो, मग गाडी चालायची कशी?"

"चालवायची कुणाला हाय?"

सरांना वेड लागलं, असं गल्लीनं ठरवलं. त्या वर्षी त्यांच्या क्लासची मुलं निम्म्यावर आली. हसणाऱ्यांत मीही होते.

एका दुपारी लोणचं द्यायला गेले, तर घरात कुणी नाही. अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडी उभी, काचा खाली केलेल्या. मागच्या सीटवर वहिनी गाढ झोपलेल्या. पुढं सर पेपर तपासत बसलेले.

"भूकंपात हिच्या माहेरचं माळवद, सगळं मातीचं छत कोसळलं. आई त्यातच गेली," सर हळूच म्हणाले. "तवापासून घरात हिचा डोळा लागत न्हाई, ताई. हितं वर निस्ता पत्रा हाय. आधी रोज दुपारी गावाबाहेर नेऊन उभी करायचो गाडी. लोक बघतील म्हणून. आता बघू द्या."

तेवढ्यात क्लासची उरलेली सात-आठ मुलं वह्या घेऊन फाटकात आली. एकानं कडी वाजवायला हात उचलला. सरांनी गाडीतूनच बोट ओठांवर ठेवलं, आणि मुलं बाहेरच उन्हात उभी राहिली.