डेलचा परफेक्ट गेम आणि अप्पांचे चंद्र

"बेसबॉल म्हणजे काय गं, थोराड विटीदांडू! आठ दिवसांत पाठ करून टाकतो बघ!"

चारुदत्तने ही घोषणा सोमवारी सकाळी केली, तीही चहाचा कप उंचावून. त्यावर स्वरूपा नुसतं "हं" म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात चारुदत्तने या "हं"चा अर्थ प्रत्येक वेळी "वा!" असाच लावला होता आणि प्रत्येक वेळी तो तोंडावर आपटला होता.

आता आयर्लंडमधल्या अॅथलोनसारख्या ठिकाणी, हातात आल्याचा चहा असताना बेसबॉल कुठून उपटला? तर त्याचं मूळ मिरजेत होतं. चारुदत्तचे वडील बाळासाहेब, म्हणजे आपले अप्पा, जानेवारीत ऐंशी वर्षांचे झाले होते. नोव्हेंबरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. जन्मापासून हजार पौर्णिमा झाल्या की माणसाचं कौतुक करायचं, ओवाळायचं, गावाला जेवायला घालायचं! मिरजेत कार्यालय ठरलं होतं, गुरुजी ठरले होते, आचाऱ्याने जिलबी की लाडू हा वादही मिटवला होता. ठरली नव्हती ती फक्त एकुलत्या एका मुलाची रजा.

चारुदत्त हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचा. नोव्हेंबरात तिथे मोठं ऑडिट होतं आणि तेव्हा रजा हा शब्दसुद्धा उच्चारायचा नसे. वर साहेब होता डेल! सहा महिन्यांपूर्वी अमेरिकेतून आलेला, साडेसहा फूट उंच, एकटा जीव. कारखान्यातल्याच परेशने स्वतःच्या साखरपुड्यासाठी चार दिवस मागितले, तर डेलने शांतपणे विचारलं होतं, "व्हिडिओ कॉलवर नाही का जमणार?" अशा माणसाकडे तीन आठवडे कसे मागायचे? चारुदत्त पंधरा दिवस आरशासमोर सराव करत होता आणि आरसासुद्धा नाही म्हणत होता.

मात्र डेलला एक हळवा कोपरा होता, आणि तो म्हणजे बेसबॉल. तेही साधं जिंकणं-हरणं नव्हे. दुर्मिळ पराक्रम! कुणी एका सामन्यात चार होमरन, म्हणजे आपले षटकारच, मारले, कुणी एकट्याने एकाच चेंडूवर तीन गडी बाद केले, असलं काही निघालं की डेलचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. म्हणून चारुदत्तने त्याला रविवारी संध्याकाळी घरी पुरी-आमरस खायला आणि टीव्हीवर त्याच्या लाडक्या संघाचा सामना बघायला बोलावलं. खेळ रंगला, साहेब खूश झाला, की आमरसाच्या दुसऱ्या वाटीला रजेचा विषय! योजना चोख होती.

आठवडाभर चारुदत्तने विक्रमांची यादी घोकली. बसमध्ये घोकली, आंघोळ करताना घोकली. लेक रेवती, वय वर्षे नऊ, त्याची परीक्षा घ्यायची.

"परफेक्ट गेम?"

"सत्तावीस बॅट्समन आले, सत्तावीस गेले, एकही पहिल्या बेसपर्यंत, पहिल्या थांब्यापर्यंतसुद्धा पोचला नाही! दीडशे वर्षांत जेमतेम चोवीस वेळा!"

"ग्रँड, डॅडी. यू’र गेटिंग देअर."

रविवारी डेल आला. डोक्याला संघाची टोपी, काखेत स्कोअरचं पुस्तक. अप्पा दोन महिन्यांसाठी अॅथलोनला आलेले होते. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं आणि डेलला मराठी अजिबात नाही. पण पहिल्या पंधरा मिनिटांत दोघांची अशी गट्टी जमली की मधला चारुदत्त दुभाष्या आहे हे दोघेही विसरले.

"ह्यो गडी चेंडू मारंना का?" अप्पांनी विचारलं.

"मारता येत नाहीये, अप्पा. त्या दाढीवाल्या पिचरची गोलंदाजी भारी आहे."

"मंग बरोबर हाय!"

डेल प्रत्येक चेंडूची नोंद पुस्तकात करत होता. अप्पा मिरज एसटी स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे नोंदी करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मुळातच आदर. सगळं कसं झकास चाललं होतं. नऊ डावांपैकी पाच झाले, सहावा झाला. डेल मात्र हळूहळू गप्प होत गेला. पुरी अर्धी सोडून टीव्हीकडे टक लावून बसला.

चारुदत्त स्वयंपाकघरातून आमरसाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून येत होता. दारातच त्याची नजर पडद्यावरच्या आकड्यांवर गेली आणि आठवडाभराची घोकंपट्टी एकदम फळाला आली. अठरा आले, अठरा गेले!

"डेल!" तो आनंदाने ओरडला, "अहो, हा तर परफेक्ट गेम चाललाय!"

डेलचा चेहरा पांढरा पडला.

"चारू," तो पुटपुटला, "हे बोलायचं नसतं."

"काय?"

"जे चाललंय त्याचं नाव घ्यायचं नसतं! पिचरशेजारी कुणी बसत नाही. त्याच्याशी कुणी बोलत नाही. समालोचकसुद्धा जीभ आवरतात. नाव घेतलं की गेलं! मी बावन्न वर्षं वाट बघतोय रे! एकदाही लाइव्ह बघितलेला नाही!"

विक्रमांच्या यादीत सगळं होतं. कुणी, कधी, कुठे, किती. नाव घ्यायचं नाही एवढं मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं. चारुदत्तच्या डोळ्यांसमोर तीन आठवड्यांची रजा शॅनन नदीत वाहून गेली.

"काय झालं रं?" अप्पांनी विचारलं. चारुदत्तने सांगितलं. अप्पा ताडकन उठले.

"आरं, मंग नजर लागली की! स्वरूपा, मीठ-मोहऱ्या आन!"

"अप्पा, अहो टीव्हीची दृष्ट काढायची?" स्वरूपा औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होती. पण सासऱ्यांच्या आवाजात एसटी स्टँड उतरला की रसायनशास्त्र चालत नसे. तिने कपाट उघडून मीठ, मोहरी, पाच सुक्या मिरच्या काढल्या आणि गंभीर चेहऱ्याने त्या दाढीवाल्या पिचरवरून तीनदा ओवाळल्या. डेलने टोपी काढून छातीशी धरली. काय चाललंय हे न विचारता! सातव्या डावात परफेक्ट गेम वाचत असेल, तर तो माणूस शेणसुद्धा सारवायला तयार होता.

शेगडी विजेची, म्हणून मिरच्या तापल्या तव्यावर पडल्या. ठसका असा उठला की क्षणात छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर एकामागोमाग दोन बॅट्समन बाद झाले!

"हलू नगासा!" अप्पा गरजले. "हाय तसं ऱ्हावा!"

याचा अर्थ डेलला सांगावा लागला नाही. आपल्याकडे क्रिकेटला जे चालतं ते तिकडे बेसबॉललाही चालतं, हे त्याच्या डोळ्यांवरूनच कळलं. मिरजेत अप्पांनी एकदा शेजाऱ्याला शिडीवर अकरा षटकं उभं ठेवलं होतं. पंखा पुसायला चढला होता बिचारा.

तर आता स्थिती अशी. डेल सोफ्यावरून अर्धवट उठलेला, गुडघे वाकलेले, टोपी छातीशी. स्वरूपा तवा हातात घेऊन स्वयंपाकघरात. रेवती खुर्चीवर उभी, झाडूच्या दांड्याने अलार्मचं बटण दाबून. दांडा जरा हलला की पुन्हा बोंब! दारात चारुदत्त, हातात चार किलोंचं पातेलं. आणि टीव्हीसमोर पुढे झुकलेले अप्पा, एक बोट पिचरकडे रोखून.

सातवा डाव संपला. आठवा सुरू झाला.

"स्वरूपा, हात गेले गं माझे!" चारुदत्त दातांतून म्हणाला.

"आठ दिवसांत पाठ केलंत ना बेसबॉल? आता भोगा!"

"डॅडी, शट अप! ही’ज डुइंग ग्रेट!"

दारावरची बेल वाजली. शेजारच्या नोराबाई अलार्म ऐकून धावत आल्या होत्या. खिडकीतून आत डोकावल्या, पाच माणसं पुतळ्यांसारखी उभी पाहिली, क्रॉसची खूण केली आणि आल्या पावली परत गेल्या.

नववा डाव. पंचवीस गेले. सव्वीस गेले! आता फक्त एक! डेलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मिरचीचं किती आणि मनातलं किती, ते त्यालाच ठाऊक. चारुदत्तच्या डोळ्यांतही पाणी आलं. हा एक गडी गेला की रजाच काय, डेल मिरजेचं विमानही स्वतः चालवेल!

पिचरने हात मागे घेतला. आणि चारुदत्तला दिसलं, अप्पांचं रोखलेलं बोट थरथरतंय. मग हात, मग गुडघा. पाऊण तास ऐंशी वर्षांचा माणूस एका पायावर भार देऊन उभा होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

विचार करायला वेळच नव्हता. चारुदत्तने पातेलं शेजारच्या सोफ्यावर सोडलं आणि झेप घेतली. अप्पा खाली यायच्या आत त्याच्या मिठीत आले. पातेलं डेलच्या मांडीवर. आणि टीव्हीत "टॉक्!" चेंडू दोन खेळाडूंच्या मधोमध गवतावर अलगद पडला. बॅट्समन पहिल्या बेसवर पोचला, आणि परफेक्ट गेम संपला.

रेवतीने दांडा काढला. अलार्म पुन्हा बोंबलायला लागला, पण आता त्याचंही कुणाला काही वाटेना.

"अप्पा, लागलं का? चक्कर आली? पाणी देऊ?"

"मला काय धाड भरलीया! तू कशाला हललास रं? एकच गडी ऱ्हायला हुता!"

डेल कमरेपासून खाली केशरी झाला होता. तो सावकाश उठला, हात उंच करून अलार्म बंद केला आणि विचारलं, "यांचं वय किती?"

"ऐंशी," चारुदत्त खाली मान घालून म्हणाला.

"आणि आपण त्यांना तीन डाव उभं ठेवलं?" डेल मटकन खाली बसला. "मी हललो नसतो, चारू. माझे वडील असते तरी मी बहुतेक हललो नसतो. लाज वाटते मला."

हीच वेळ होती. पण चारुदत्त फडकं शोधत बसला. शेवटी रेवतीच बोलली. "डॅडी वॉन्ट्स थ्री वीक्स ऑफ इन नोव्हेंबर. ही’ज टू स्केअर्ड टू आस्क. आजोबांना थाउजंड मून्स होणार आहेत."

डेलने मान वर केली. "हजार? काय हजार?"

सांगितलं. डेलचा आवाज लोण्यासारखा झाला. त्याने स्कोअरचं पुस्तक उघडलं, आमरस पुसला, अप्पांची जन्मतारीख लिहिली आणि आकडेमोड सुरू केली. "आजपर्यंत नऊशे शहाण्णव! हजारावी नोव्हेंबरात! बरोबर आहे!" मग पेन थांबलं. "पण दर्शन म्हणजे पाहणं ना? सगळ्या पाहिल्या यांनी?"

"नाही बा," अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. "पावसाळ्यात कुठला चंद्र?"

चारुदत्तने भाषांतर करायला नको होतं, पण तोंड आवरलं तर तो चारुदत्त कसला! वर्षाला पावसाळ्याच्या तीन पौर्णिमा वजा. ऐंशी वर्षांच्या दोनशे चाळीस गेल्या. पाळण्यात झोपून काढलेल्या अठ्ठावीस गेल्या. मोतीबिंदूच्या पट्टीखाली एक गेली.

"सातशे सत्तावीस," डेल म्हणाला. त्याने पेन खाली ठेवलं. "हजार नाही होत, चारू."

अप्पांनी विचारलं, "काय म्हनतोय?" आणि कार्यालय, गुरुजी, जिलबी सगळं चारुदत्तला हातचं जाताना दिसलं. मग आठवडाभर घोकलेलं काहीतरी आतून आपोआप वर आलं.

"डेल, सातशेच्या वर होमरन आजवर किती जणांचे?"

"चार," डेल क्षणात म्हणाला. "आख्ख्या इतिहासात चार." आणि मग त्याने अप्पांकडे पाहिलं. उठून त्याने आपली टोपी अप्पांच्या डोक्यावर ठेवली. चारुदत्तने अप्पांना सगळा हिशेब समजावला.

"त्याला सांग," अप्पा टोपी सारखी करत म्हणाले, "आजून खेळतोय म्हनावं!"

सोमवारी चारुदत्तने रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "वडील सातशे सत्तावीसवर नाबाद." दहा मिनिटांत उत्तर आलं. तीन आठवडे मंजूर! खाली साहेबांचा शेरा होता: "अट एकच. समारंभ पार पडेपर्यंत चारूने तोंड उघडू नये."

स्वरूपाने तो शेरा वाचला आणि पुन्हा नुसतं "हं" म्हणाली. या वेळी मात्र चारुदत्तला अर्थ कळला.