मामा किती उंच?

देशमानेकाकांना तुम्ही घरचं काही खायला दिलंत, तर ते छान म्हणत नाहीत आणि वाईटही म्हणत नाहीत. ते आकडा सांगतात.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आलो त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या बायकोने, माधवीने, साठ माणसांचे बटाटेवडे केले होते. काकांनी एक वडा घेतला, डोळे मिटून चावून चावून खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "पंचेचाळीस." माधवीला वाटलं, उरलेले वडे मोजतायत. शेजारच्या बाईंनी समजावलं की हे मार्क आहेत.

"शंभरपैकी?" माधवीने विचारलं.

"नाही हो, वीस ते ऐंशी. पन्नास म्हणजे उत्तम चाललंय. आणि हा झाला आजचा आकडा. उद्याचा साठ देतो तुम्हाला. हात चांगला आहे."

माधवी त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

काका मूळचे सोलापूरचे, पेशाने इंजिनियर. नव्या गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि आतल्या पुतळ्याचं काय होतं ते बघायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यामुळे गोड बोलायची सवय अशी लागलीच नाही. शनिवार-रविवार मात्र ते स्काउट असायचे. म्हणजे मिशिगनभर फिरून शाळांच्या बेसबॉलच्या मॅचेस बघायच्या आणि कुठला मुलगा पुढे वर जाईल ते एका मोठ्या क्लबला कळवायचं. हे वर जाणं म्हणजे शिडी असते. शाळेतून कॉलेज, कॉलेजातून क्लबच्या धाकट्या टीम्स, तिथून एकेक पायरी चढत टीव्हीवर दिसणारी टीम. प्रत्येक पायरीवर मुलं गळतात. कोण गळेल आणि कोण टिकेल ते आधीच ओळखायचं, असा हा उद्योग. पगार नाही. एक टोपी मिळाली होती.

वीस ते ऐंशी ही स्काउट लोकांची मोजपट्टी. ती मैदानावर ठेवून घरी यायचं असतं हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. मंडळाच्या नाटकातल्या नायकाला ते "आवाज पंचावन्न, पाठांतर पंचवीस" म्हणाले होते. एका लग्नात नवरदेवाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "खांदे अजून भरतील." बारशाला गेले की बाळाचे पंजे उघडून बघायचे.

पण त्यांचा खास प्रश्न वेगळाच होता. कुठलाही मुलगा दिसला की विचारायचे, "मामा किती उंच?" बापाची उंची समोर दिसतेच, आईकडची कळली म्हणजे मुलगा किती वाढेल याचा अंदाज येतो, असा हिशेब. माझा मुलगा ईशान तेव्हा अकरा वर्षांचा होता. काकांनी आमच्या पहिल्याच भेटीत तो प्रश्न विचारला. माधवीचा भाऊ पाच फूट चार इंच आहे. ते ऐकून काकांनी माझ्या खांद्यावर असा हात ठेवला, की मला उगीचच कोणी गेल्यासारखं वाटलं.

शैलाकाकू, त्यांच्या पत्नी, या सगळ्याला सरावलेल्या. "कांदेपोह्यांच्या वेळी त्यांनी मला चाळीस दिले असते," त्या एकदा म्हणाल्या, "आणि मी त्यांना तीस. दोघांचा उद्याचा आकडा बरा निघाला म्हणायचं."

ईशान मात्र बेसबॉलमध्येच वाढला. तो पिचर झाला, म्हणजे आपल्याकडचा बॉलर. मी नाशिकच्या गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस. वीकेंडला टीमबरोबर फिरणं, थंडीत बंद गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस, खांद्याला बर्फ, हे सगळं मी त्याच्याबरोबर शिकलो. त्याचा खासगी कोच दर महिन्याला सांगायचा की हा मोठ्या कॉलेजच्या टीममध्ये जाणार, आणि मग पुढे कोणी सांगावं. ते वाक्य आमच्या घरात "मग पुढे कोणी सांगावं" याच्यापुढे कधी गेलं नाही, पण आम्ही तिघंही ते मनात पूर्ण करायचो.

ईशान अकरावीत गेला आणि मोठ्या कॉलेजांची पत्रं यायची थांबली. तो स्वतः ईमेल करायचा, व्हिडिओ पाठवायचा. उत्तर यायचं नाही. विचारलं की "इट्स फाइन, बाबा" म्हणायचा. जेवताना बोलेनासा झाला. कोच म्हणाला, थोडी स्पीड वाढवू. आणखी एक कॅम्प केला. पुन्हा काही नाही.

मी काकांना विचारलं, तुम्ही एकदा बघता का? त्यांनी साफ नकार दिला. "ओळखीच्या घरातलं पोरगं मी बघत नाही. तुम्हाला माझं तोंड रोज बघायचंय."

मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "खरं सांगेन. आणि तुला नाही, त्याला सांगेन. चालणार असेल तर येतो."

एप्रिलमधल्या तीन मॅचेसना ते आले. मिशिगनचा एप्रिल म्हणजे थंडीच. माकडटोपी घालून, जाळीमागे घडीची खुर्ची टाकून एकटेच बसायचे. माझ्याशी बोलले नाहीत. नंतरच्या रविवारी दुपारी घरी आले, चहा नको म्हणाले आणि ईशानसमोर बसले. मी आणि माधवी स्वयंपाकघरात होतो, पण आमच्या घराला मध्ये भिंत नाही.

"ईशान, तू वर जाणार नाहीस," काका म्हणाले.

माधवीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"छोट्या कॉलेजात खेळशील. चार वर्षं चांगला खेळशील, कदाचित कॅप्टन होशील. त्याच्यापुढे नाही."

ईशानने विचारलं, "काका, डिड आय डू समथिंग राँग?"

"काही नाही. उलट आहे. तुझ्याइतकं स्वच्छ काम करणारा मुलगा मी बऱ्याच दिवसांत बघितला नाही. तुझ्या अंगात होतं ते सगळं तू बाहेर काढलंस. मी शिल्लक शोधत होतो. वर जायला शिल्लक लागते. तुझ्यात ती नाही, आणि त्यात तुझी चूक नाही."

"आर यू शुअर?"

"मी चुकलोय. पण तुझ्या बाबतीत खात्री आहे. म्हणून तीनदा आलो."

मग ते अर्धा तास त्याच्याशी त्याच मॅचेसबद्दल बोलत बसले. कुठल्या बॅटरला त्याने कसं फसवलं, तिसऱ्या मॅचमध्ये चुकल्यावर त्याने कॅचरची, म्हणजे आपल्याकडच्या विकेटकीपरची, माफी कशी मागितली, वारा उलटा असताना काय बदल केला. त्यांना सगळं आठवत होतं. मला त्यातलं निम्मंही दिसलं नव्हतं. मी फक्त स्पीड बघत होतो.

काका गेल्यावर मी खूप चिडलो. सतरा वर्षांच्या मुलाशी असं बोलतात का, म्हणालो. माधवी रडली. ईशान वर त्याच्या खोलीत गेला आणि झोपला. सरळ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपला. कित्येक महिन्यांत तो तसा झोपला नव्हता. सकाळी दोन वाट्या पोहे खाल्ले आणि म्हणाला, "बाबा, ओहायोतलं ते छोटं कॉलेज आहे ना, त्यांचा कोच मला विचारत होता. मी रिप्लाय केला नव्हता. करू?"

मी कर म्हणालो. माझा राग मात्र पुढे कित्येक आठवडे टिकला. मुलाचा उतरला होता तरी माझा उतरत नव्हता. माझं मन त्या अर्धवट वाक्यात त्याच्याहून जास्त अडकलेलं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

ईशान आता त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. बायॉलॉजी शिकतो, फिजिओथेरपिस्ट व्हायचं म्हणतो, आणि दर आठवड्याला पिचिंग करतो. हसतो. फोनवर स्वतःहून बोलतो. या वसंतात एका बुधवारी मी सुट्टी काढून, न सांगता, तीन तास ड्राइव्ह करून त्याची मॅच बघायला गेलो. वीस-पंचवीस माणसं होती. कुंपणाच्या कोपऱ्यात देशमानेकाका बसले होते.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"सुट्टी होती."

त्यांना सुट्टी नव्हती. शेजारी बसलेल्या, टीममधल्या एका मुलाच्या आईने सांगितलं की ते गेल्या वर्षीही यायचे. मॅच आम्ही शेजारी बसून बघितली. ईशानची टीम हरली. तो मैदानावर सामान गोळा करत असताना मी काकांना म्हणालो, "तेव्हा मी तुमच्यावर फार चिडलो होतो. थँक यू म्हणायचं राहून गेलं."

काका खुर्चीची घडी घालत होते. ते काम त्यांनी थांबवलं नाही.

"अमेय खेळायचा," ते म्हणाले.

अमेय म्हणजे त्यांचा मुलगा, ॲरिझोनाला असतो. तो कधी आलेला मी पाहिलेला नव्हता.

"त्याच्यासाठी मी हा खेळ शिकलो. पुस्तकं आणून शिकलो. तो एकोणीस वर्षांचा असताना मला कळलं होतं की हा वर जाणार नाही. बोललो नाही. त्याचं तोंड बघवलं नसतं मला. तो अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कुठल्या कुठल्या गावांत खेळत राहिला, पुढच्या वर्षी बोलावतील म्हणून. परत आला तेव्हा त्याने एकच विचारलं. बाबा, तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हणालो."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची पिशवीत घातली.

ईशान धावत आला. मला मिठी मारली, मग काकांना. काकांनी खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला. "आमचा एक फोटो काढ. अमेयला पाठवतो. बघतो तो. निळ्या खुणा येतात. लिहीत काही नाही."

मी दोन फोटो काढले. ईशान त्याच्या टीमच्या बसकडे गेला. आम्ही पार्किंगमध्ये काकांच्या गाडीपाशी आलो, ते सीटवर बसले आणि फोटो पाठवला. मी खिडकीशी उभा राहून घरी जायच्या रस्त्याबद्दल काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"विचारतोय," ते म्हणाले, "हा मुलगा कोण म्हणून."

गाडी सुरू करायला काढलेली किल्ली त्यांनी डॅशबोर्डवर ठेवली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला सुरुवात केली. बरंच लिहीत होते. मी माझ्या गाडीत जाऊन बसलो आणि त्यांचं संपेपर्यंत थांबलो.