दाराबाहेर काढून ठेवलेली चाल

आमच्या मंडळाच्या बैठकीला येणारे सभासद जिन्याच्या वरच्या पायरीशी आधी चपला काढतात आणि मग आपली चाल काढतात.

चपला खाली राहतात. चाल घडी घालून लाकडी फळीवर ठेवायची. आत मंडळाची चाल मिळते: सरळ, कोरडी, कंबर न हलवणारी, सगळ्यांना एकाच मापाची. सांगलीतलं आमचं मंडळ पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं आहे, आणि हा नियम अध्यक्ष जयपाल मगदूम यांनी केला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. "चारचौघांसारखे दिसलो तरच चारचौघं आपल्याला जगू देतील," असं ते म्हणत. ते स्वतः काही काढत नसत. "मी जन्मलोच असा. माझ्याकडं काढण्याजोगं काही नाही."

शिक्षण संपवून मी एडिनबरातून परत आलो तो असले नियम बदलायचे ठरवूनच. पण ते बदलेपर्यंत माझीही चाल त्याच फळीवर असायची.

त्या रविवारी अण्णा चहाच्या वेळी, दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून लवकर गेले. संध्याकाळी बैठक संपली. आम्ही मंडळाची चाल परत केली आणि ज्याची त्याची पायात घातली. दिगूच्या, म्हणजे दिगंबर आवटीच्या, चालीची जागा रिकामी होती.

फळीवर एकच चाल उरली होती. जड, खांदे पुढे काढणारी, टाच आपटणारी. ती कुणाची हे प्रत्येकाने ओळखलं आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघू लागला.

"ही अण्णांची आहे," मी म्हणालो.

"तोंड सांभाळ," ऋतुराज म्हणाला. तो जिम चालवतो आणि आमचा चिटणीस आहे. "अण्णांना काढण्याजोगी चाल नाही. मंडळानं तसं मान्य केलंय."

"मग ही कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"आणि दिगूची कुणी नेली?"

"कुणीच नाही. तसली चाल न्यायला कोण जातंय मरायला?"

"तसली म्हणजे?" दिगू म्हणाला. "तुझी काय गंगेतनं धुऊन आणलीय?"

कुणी हसलं नाही. दिगूची अडचण सगळ्यांना माहीत होती. त्याच्या आईचे डोळे गेलेत, कानही गेलेत. ती आतून कडी लावून जमिनीवर तळहात टेकून बसते. दिगू चढताना लाकडी जिना कसा थरथरतो एवढंच तिला कळतं, आणि त्या थरथरीलाच ती दार उघडते. दिवेलागणीला तिला इन्सुलिन द्यावं लागतं. दार फोडलं तर ती भीतीनेच जाईल, असं दिगू म्हणायचा.

"चला, अण्णांच्या घरी जाऊ," मी म्हणालो.

कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, बाजारात भेटलं तर ओळख दाखवायची नाही, हा नियम फळीपेक्षा जुना. अण्णांना बायको आहे, मुलगा आहे, सून आहे.

"पाव्हणं, हे एडिनबरा नव्हं," ऋतुराज म्हणाला.

"नको रे," दिगूही म्हणाला. "माझ्यापायी कुणाचं घर मोडायला नको."

"आणि तुझी आई?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हं उतरत होती. मग त्याने उरलेली चाल उचलली आणि पायात घातली, कारण मंडळाची चाल बाहेर नेता येत नाही. जिना त्याच्याखाली दणाणला. मी मागोमाग गेलो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी पोरं बसतात. दिगूला बघून शिट्ट्या मारणं हा त्यांचा रोजचा धंदा. आज एकाने घाईघाईने मोटरसायकल बाजूला घेतली. "या, साहेब."

पुढे गेल्यावर दिगू हळूच म्हणाला, "एवढं सोपं असतं होय रे?"

दिगूची चाल घालून अण्णा घरी जाणार नाहीत, दुकानातही नाही, हे त्यानेच ताडलं. जिथे माणूस नाही तिथेच जातील. हळदीच्या गोदामांमागचा रस्ता रविवारी ओस असतो. तिथे अण्णा सापडले.

ते चालत होते. गोदामाच्या टोकापर्यंत आणि परत. टाच जेमतेम टेकलेली, कंबर एका बाजूने आधी निघालेली, दर पावलाला वाटेतलं डबकं चुकवावं तसा छोटा हेलकावा. अंगात सफारी, पोट पुढे. भरलेली घागर सांभाळणाऱ्यासारखा चेहरा.

"अण्णा," दिगूने हाक मारली.

ते थांबले. कंबर थोडी उशिराने थांबली.

"चुकून झालं," अण्णा म्हणाले. "अंधारात पायात आली."

"भर दुपारी कसला अंधार, अण्णा?"

"काढा," मी म्हणालो. "वेळ नाही."

अण्णा वाकले. घोट्यापासून ओढून पाहिलं, गुडघ्यापासून पाहिलं. मीही जोर लावला. चाल हलली नाही.

"निघत नाही. बसलीय." त्यांचा आवाज बारीक झाला. "उद्या दुकानात कसा जाऊ? सूनबाई बघतील."

"उद्याचं उद्या. आईला इंजेक्शन आत्ता द्यायचंय. जिना तुम्ही चढा."

"तुझ्या गल्लीतनं जाऊ? असं? मला सगळे ओळखतात रे."

"मलाबी ओळखतात," दिगू म्हणाला.

धैर्याबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण माझा मुलगा, माझी सून, माझं दुकान त्या गल्लीत पणाला लागलेलं नव्हतं. अण्णांनी सफारीचं वरचं बटण लावलं. मग चालू लागले.

पानपट्टीशी शिट्टी आली. "ए बाई, कुठं निघालीस?" पाठोपाठ दुसरा आवाज, जरा हलका: "अरे, हे तर मगदूम अण्णा." अण्णांची मान लाल झाली. त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला, पण त्या चालीला घाई करता येत नाही.

"मान वर ठेवा," दिगू शेजारून पुटपुटला. "खाली घातली की जास्त बोलतात."

घराखाली आम्ही दोघे थांबलो. अण्णा एकटे चढले. प्रत्येक पायरी कुरकुरली. वर पोहोचून ते उभे राहिले. काही झालं नाही. दिगूने माझं मनगट घट्ट धरलं. मग कडी पडल्याचा आवाज आला.

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली आणि भिंत चाचपत आत वळली.

आम्हीही वर चढलो; मी उंबऱ्याशीच थांबलो आणि दिगू तिच्या मागोमाग आत शिरला. जमीन दणकली. म्हातारी जागच्या जागी थबकली आणि तिने झटकन पदर डोक्यावर घेतला.

"बरोबर कोण पुरुषमाणूस आणलायस?"

दिगू तिच्यापुढे बसला. त्याने तिचा दंड पुसला आणि सुई टोचली. तिने खांद्याशी अंग चोरलं, मग हळूहळू सैल सोडलं.

"तुझ्या दोस्ताचा हात अगदी तुझ्यासारखा हलका आहे," ती अण्णा उभे होते त्या दिशेला तोंड करून म्हणाली. "त्याला जेवूनच जाऊ दे. ताटं घे."

अण्णा ताटं आणायला स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या पावलांसरशी म्हातारीचा तळहात जमिनीवर निवांत झाला. दिगू हलला नाही. ताटं कोणत्या फळीवर आहेत ते त्याने बसल्या जागेवरूनच सांगितलं.